वाचक विचारतात : शीर्षकाची अक्षरं आणि फेरीबोटीचा आवाज

पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जवळ आला की आमच्याकडच्या कॉलेजांत लघुपटांचं पीक येतं, आणि मग माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतही दुसरा विषय उरत नाही. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : काका, मी फोंड्याला मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुने गोवे ते दिवाडी फेरीबोटीवर काम करणाऱ्या एका खलाशाच्या निवृत्तीच्या दिवसावर बारा मिनिटांचा लघुपट केलाय. नाव ‘दुसऱ्या धक्क्यावर’. एडिट डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत जवळजवळ झालंय. टायटल आणि साउंडट्रॅक राहिलेत, हातात पाच आठवडे आहेत. मैत्रीण म्हणते टायटलसाठी आफ्टर इफेक्ट्स शीक, भाऊ म्हणतो ब्लेंडर, आणि शिकवणारे सर म्हणतात प्रो टूल्सशिवाय आवाजाचं काम होत नाही. नेमकं काय शिकू?

उत्तर : बाय, तिघांचंही खोटं नाही. पण तिघांनी मिळून तुला तीन वर्षांचा अभ्यास दिलाय. ज्या रिझॉल्व्हमध्ये तू एडिट केलंस, त्याच खिडकीच्या तळाशी टायटलसाठी ‘फ्यूजन’ आणि आवाजासाठी ‘फेअरलाइट’ असे दोन टॅब आहेत. तेवढेच उघड. दोन्ही मुळात स्वतंत्र सॉफ्टवेअर होती. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीनं २०१४ मध्ये फ्यूजन आणि २०१६ मध्ये फेअरलाइट विकत घेतलं आणि दोन्ही रिझॉल्व्हच्या पोटात घातली. फुकट आवृत्तीतून ३८४० बाय २१६० पर्यंतचं चित्र निघतं. कॉलेजच्या सभागृहातल्या पडद्याला त्याचा पाव हिस्साही पुरतो.

आफ्टर इफेक्ट्स उत्तम आहे, दर महिन्याला पैसे भरायची तयारी असेल तर. ब्लेंडर फुकट आहे आणि अफाट आहे, आणि पाच आठवडे हातात असताना अफाट हीच अडचण. मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स चालतं कारण तिथं एकाचं काम दुसऱ्याच्या टेबलावर जातं. तुझं काम तुझ्याच टेबलावर राहणार आहे.

आता टायटल. पहिले दोन-तीन दिवस संगणकाला हात लावू नकोस. ‘दुसऱ्या धक्क्यावर’ हे नाव कागदावर लिही, जाड ब्रशनं, बोरूनं, मार्करनं, जे हाती लागेल त्यानं. मी तरुणपणी जत्रेतल्या उत्सवी नाटकांचे बोर्ड रंगवायचो. तिथं हात आपोआप शिकतो की आधी अवघड अक्षरांना जागा द्यायची आणि सोपी त्यांच्या आजूबाजूला बसवायची. तुझ्या नावात ‘ऱ्या’ आणि ‘क्क्या’ अशी दोन गिऱ्हाइकं आहेत. त्यांची उंची आणि रुंदी ठरली की बाकीचं नाव ठरलंच. कमल शेडगे नाटकांची नावं हातानं लिहायचे आणि जाहिरातीतलं नुसतं नाव बघून नाटकाची जात कळायची. सॉफ्टवेअरच्या तयार टेम्पलेटमध्ये हे मिळणार नाही, कारण ती टेम्पलेटं रोमन अक्षरं डोळ्यांपुढं ठेवून बनवलेली असतात. आणखी एक : त्या फेरीबोटीवर, धक्क्यावर जी रंगवलेली अक्षरं आणि आकडे आहेत त्यांचे फोटो काढून आण. तुझ्या टायटलचं वळण तिथंच सापडण्याची शक्यता जास्त.

हातानं लिहिलेलं आवडलं तर ते स्कॅन कर, इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ कर, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढ. चौकट १९२० बाय १०८० ची असेल तर पीएनजी दुप्पट मापाची काढ, म्हणजे अक्षरं हळूहळू जवळ आणली तरी कडा फुटत नाहीत.

फॉन्टच वापरायचा असेल तर तो युनिकोड हवा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ फुकट मिळतात आणि अंगानं भक्कम आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ जरा पुस्तकी वळणाचा आहे, पण त्यात ल आणि श मराठी घाटाचे येतात, हिंदी घाटाचे नाहीत. श्रेयनामावलीत ‘लेखन’ आणि ‘कलाकार’ लिहिताना हा फरक डोळ्यांत भरतो. ‘मंगल’ मात्र नको. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यावर बारीक मजकूर वाचता यावा म्हणून घडवला. बारा फुटी पडद्यावर नाव झळकवणं हे त्याचं काम नव्हे.

फॉन्ट निवडलास की रिझॉल्व्हच्या ‘टेक्स्ट प्लस’मध्ये नाव टाइप करून नीट बघ. ‘ऱ्या’ला केसासारखी आडवी रेघ आली पाहिजे. वर रफार आला तर तू साधा र टाइप केलास. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त देऊन मग य. ‘क्क्या’ एकसंध दिसलं पाहिजे, मधे पाय मोडलेला क उघडा पडता कामा नये. तसं झालं तर सॉफ्टवेअरशी भांडत बसू नकोस. नाव इंकस्केपमध्ये टाइप कर, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांचं चित्र बनव आणि ते चित्र रिझॉल्व्हमध्ये आण. मैत्रिणीलाही सांग, आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं करावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं सुटी सुटी पडतात आणि दोष बिचाऱ्या फॉन्टला लागतो.

हालचाल कमीत कमी ठेव. देवनागरीत दोन इफेक्ट हमखास फसतात. पहिला, अक्षरांमधलं अंतर वाढवत नेण्याचा. रोमनमध्ये तो रुबाबदार दिसतो, आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे होतात. दुसरा, टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवण्याचा. संगणक ‘दुसऱ्या’ हे द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना असं मोजतो, त्यामुळे पडद्यावर आधी ‘दुसऱ’ येतं, मग पाय मोडतो, मग सगळं उडी मारून जागा बदलतं. ऱ्हस्व वेलांटी असेल तर आणखी मजा, कारण ती टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. नाव डावीकडून उजवीकडे उलगडायचंच असेल तर पूर्ण नावावर मास्क, म्हणजे झाकणारा पडदा, ठेव आणि तो सरकव. शिरोरेघ आधी एका ओढीत येऊ दे आणि अक्षरं मागाहून तिच्याखाली उतरू देत, हेही छान दिसतं. फेरीचा दोर पसरल्यासारखं होईल आणि तुझ्या विषयाला धरून राहील. नाव पडद्यावर किती वेळ ठेवायचं? सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ. स्वतः वाचू नकोस, आजीला वाचायला लाव.

आता आवाज, आणि इथं मी जरा हट्टी आहे. मला येणाऱ्या विद्यार्थी लघुपटांत निम्म्यांना तीच परदेशी संग्रहातली ‘इंडियन फ्लूट’ असते. मांडवीवरची फेरी, त्यावर ती बासरी, आणि तिच्यात थोडी हिमालयाची हवा. कृपा कर आणि ती लावू नकोस.

तुझं संगीत तुझ्या फेरीबोटीतच आहे. पहाटेच्या पहिल्या फेरीला जा आणि नुसता आवाज गोळा कर. इंजिन सुरू होतानाचा, नदीच्या मध्यावर एका लयीत चालतानाचा, फळी धक्क्यावर टेकतानाचा, साखळीचा, आणि उतरायच्या आधी सगळ्या स्कूटर एकदम चालू होतात त्याचा. प्रत्येक आवाज निदान मिनिटभर, मधे न बोलता. जमलं तर छोटा रेकॉर्डर भाड्यानं घे. फोनच असेल तर तो फ्लाइट मोडवर टाक, आणि माइकवर केसाळ कापडाचं आवरण बसव, कारण मांडवीवरचा वारा बाकी सगळं खाऊन टाकतो. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, तेव्हा तो इंजिनाजवळ आणि इंजिनापासून दूर असा दोन वेगळ्या जागी ठेवून घे. दोन्ही जागांचं एकाच टेकमध्ये नको.

घरी आल्यावर इंजिनाच्या एकसुरी आवाजाची फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ कर. आलेखात जिथं टोक वर येतं त्यावर कर्सर नेलास की त्याची फ्रीक्वेन्सी आणि जवळचा सूर दिसतो. डिझेल इंजिनाच्या घरघरीला बहुतेकदा एक ठाम सूर असतो. समजा तो सी शार्पच्या आसपास आला, म्हणजे आपली काळी एक. मग पेटीवाल्याला काळी एकमध्ये दोनचार साधे स्वर धरायला सांग, किंवा तानपुरा त्या पट्टीत लाव, आणि इंजिनाखाली हलकेच सोड. इंजिनाचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडला तर ‘चेंज पिच’नं इंजिन थोडं सरकवता येतं, त्यात लांबी बदलत नाही. प्रेक्षकाला संगीत कधी सुरू झालं ते कळणार नाही. ते थांबल्यावर मात्र कळेल, आणि त्या खलाशाच्या शेवटच्या फेरीला तुला तेच हवंय, असं मला पत्रावरून वाटलं. पेटी स्वतः रेकॉर्ड करणार असलीस तर रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर बघ. पूर्ण आवृत्ती साठ दिवस वापरून बघता येते, तुझं काम त्याआत उरकेल.

फेअरलाइटमध्ये शिकायचं फार थोडं आहे. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर ठेव, व्हिडिओला तेच चालतं. ४४.१ हा सीडीचा आकडा. संवाद, परिणाम आणि संगीत यांना एकेक ‘बस’ दे, म्हणजे त्या त्या प्रकारचे सगळे आवाज एकत्र वरखाली करता येतात. आधी फक्त संवाद लाव, बाकी सगळं बंद ठेवून. बोलणाऱ्यांच्या आवाजाखालून साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरनं काढून टाक, तिथं नुसती इंजिनाची घरघर असते. व्यंजनं कळतात ती २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, तेव्हा बोलणं चालू असताना संगीत तेवढ्याच पट्ट्यात जरा दाब. सगळं संगीत खाली ओढण्यापेक्षा हे कमी जाणवतं. दोन संवादांच्या मधे आवाज एकदम मेला तर कान लगेच पकडतो. तिथं त्याच जागेचा रिकामा आवाज भर, नसेल तर परत जाऊन घेऊन ये. आवाज किती मोठा वाटतो ते एलयूएफएसमध्ये मोजतात. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या वर असलेला आवाज स्वतःच खाली आणतं, युरोपातल्या टीव्हीचा दंडक उणे २३ चा आहे. सभागृहासाठी मात्र मीटरपेक्षा सभागृह बरं. आदल्या दिवशी तिथं जाऊन ऐक, शेवटच्या रांगेत बसून.

वेळेची विभागणी विचारलीस तर, टायटलला एक आठवडा पुष्कळ झाला. उरलेला सगळा वेळ आवाजाला दे.

प्रश्न : फोनवर शूट केलेलं आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज सुरुवातीला बरोबर जुळतात, पण दहा मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगळे पडतात. रेकॉर्डर बिघडलाय का? — म्हापशाचा एक वाचक

उत्तर : रेकॉर्डर बहुधा ठीक आहे. फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त होतात, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्या मोजताना गोंधळतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घालून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, नवी फाइल काढा, मग जुळवा. पुढच्या वेळी शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटीही एकेक टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळल्या की मधलं सगळं जुळलं.

प्रश्न : वडिलांकडे गोव्यातल्या एका गायकाच्या नाट्यपदांची जुनी कॅसेट आहे. माझ्या लघुपटात त्यातलं एक पद वापरलं तर चालेल का? पद शंभर वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे हक्क संपले असतील ना? — डिचोलीहून एक वाचक

उत्तर : इथं दोन वेगळे हक्क आहेत आणि दोघांची घड्याळं वेगळी चालतात. एक पदाचा, म्हणजे शब्दांचा आणि चालीचा. आपल्या १९५७ च्या कायद्यात तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये. त्यांनी लिहिलेले शब्द आज कुणीही घ्यावेत. चाल मात्र नंतर दुसऱ्या कुणी बांधलेली असू शकते, तेही बघा.

दुसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा. तो ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. तुमची कॅसेट १९८० च्या दशकातली असेल तर पद कितीही जुनं असू दे, ती कॅसेट कंपनीच्या किंवा गायकाच्या मालकीचीच आहे. ‘विद्यार्थ्यांचा लघुपट आहे, पैसे कमावत नाही’ असं म्हणून ती यूट्यूबवर किंवा महोत्सवात नेता येत नाही.

सुटका सोपी आहे. तुमच्या गावात पेटी, तबला आणि नाट्यपदं येणारं माणूस नाही असं होणारच नाही. तेच पद त्यांच्याकडून नव्यानं गाऊन घ्या. लेखी परवानगी घ्या, दोन ओळी पुरतात : कोणत्या लघुपटासाठी, कुठं कुठं दाखवणार, मानधन किती. मानधन द्याच, शाल-श्रीफळावर भागवू नका. एक इशारा : यूट्यूबची यंत्रणा कधी कधी मोकळ्या झालेल्या पदावरही कुणाचा तरी दावा लावते. ती लेखी परवानगी तेव्हा कामाला येते.

प्रश्न : चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांचा प्रसंग आहे. घुमट (मातीच्या भांड्याचं वाद्य), शामेळ (ढोलकं), कासाळे (झांजा) सगळं एकत्र वाजतं आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता खणखणाट येतो, घुमटाचा घुमार कुठंच नाही. कुठलं प्लग-इन लावू? — मडकईचा एक विद्यार्थी

उत्तर : प्लग-इन नको, माइक उचल आणि दुसरीकडे ठेव.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मागं उघडं. वाजवणारा डाव्या तळव्यानं ते उघडं तोंड झाकतो-उघडतो आणि त्यातूनच तो ‘घुंम्’ फुटतो. तुमचा माइक माणसांच्या घोळक्यासमोर उभा असणार, म्हणजे त्याला पहिल्यांदा ऐकू येतात कासाळे, कारण त्यांचा आवाज टोकदार आणि वरच्या पट्टीतला. घुमट वाजवणाऱ्याच्या बाजूला, मागच्या तोंडापासून दोन-तीन फुटांवर माइक ठेवा, कासाळेवाले माइकच्या पाठीमागं येतील असे बसवा. दोन माइक असतील तर दुसरा कातड्याच्या बाजूला. मग फेअरलाइटमध्ये एकाची पोलॅरिटी उलटी करून ऐका आणि ज्या स्थितीत घुमार जाड वाटतो ती ठेवा. कातड्याचा दाब आणि मागून निघणारी हवा एकमेकांच्या उलट असतात, दोन्ही एकत्र केले की कधी कधी एकमेकांना गिळतात.

जमलं तर आरती संपल्यावर पाच मिनिटं फक्त घुमट वाजवून घ्या. प्रसंगाच्या आवाजाखाली तेवढा थर घातला की काम होतं. आणि वाद्य जवळून दाखवणार असलात तर कातडं कसलं आहे ते आधी विचारा. पूर्वी घोरपडीचं लावत, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचं लावतात. आजोबांच्या वेळचं घुमट क्लोजअपमध्ये घ्यायच्या आधी घरच्यांशी बोला.

प्रश्न : शेवटची नावं वर सरकताना थरथरतात. मोठ्या पडद्यावर तर वाचताच येत नाहीत. — साखळीहून एक वाचक

उत्तर : सरकण्याचा वेग असा ठेवा की प्रत्येक फ्रेमला नावं पूर्ण पिक्सेलांनी सरकतील. २४ फ्रेमच्या चित्रपटात फ्रेमला ३ पिक्सेल म्हणजे सेकंदाला ७२, आणि १०८० उंचीच्या पडद्यावर एक ओळ तळापासून माथ्यापर्यंत जायला १५ सेकंद लागतात. वाचायला आरामात. तुमच्या नावांचं चित्र ३००० पिक्सेल उंच असेल तर पडद्याचे १०८० मिळवा, तीननं भागा, १३६० फ्रेम आल्या, म्हणजे जेमतेम ५७ सेकंद. क्लिपची लांबी बरोबर तेवढी ठेवा, अंदाजानं ओढू नका. शिरोरेघ फार बारीक असलेला फॉन्टही थरथरतो, तो जरा जाड करा. पांढरंशुभ्र काळ्यावर न ठेवता किंचित करडं करा.

पण दहा मिनिटांच्या लघुपटाला मिनिटभर नावं कशाला? चार स्थिर पाट्या करा. ‘विशेष आभार’मध्ये पूर्ण वाडा घालू नका, आणि कोंकणीत संवाद असतील तर ते लिहून देणाऱ्याचं नाव वेगळं द्या, ते हमखास राहतं. नावांची यादी कॉलेजच्या ऑफिसातून जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप होऊन आली असेल तर चिकटवताच कचरा दिसेल. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग एकेक नाव त्या त्या माणसाकडून तपासून घ्या, विशेषतः आडनावं.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. तुम्ही सगळ्यांना रिझॉल्व्ह सांगता, माझ्याकडे ते उघडायलाच दमतं. — काणकोणची एक विद्यार्थिनी

उत्तर : दमणारच. रिझॉल्व्हला १६ जीबी लागतात, फ्यूजन वापरायचं तर ३२ सांगतात. तू केडेनलाइव्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर घे. फुकट आहे, हलकं आहे, आणि त्याच्या टायटलच्या खिडकीत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. क्लिप टाकल्या की ‘प्रॉक्सी’ चालू कर, मग ते लहान प्रतींवर काम करतं आणि शेवटी मूळ फाइली वापरतं. आवाज ऑडॅसिटीत स्वच्छ करून त्यात आण. ब्राउझर मात्र बंद ठेव, निम्मी रॅम तोच खातो.